गाव-वस्तीतलं सामाजिक काम नोकरी म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्याचं शिक्षण घेणारे, स्वयंसेवी संस्थेत नुकते लागलेले आणि दुसरी नोकरी सोडून या क्षेत्रात यायचा विचार करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. बहुतेक उदाहरणं ग्रामीण महाराष्ट्रातली आहेत. शहरी वस्त्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

'फिल्डवर' काम म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं?

बैठका, घरभेटी, सरकारी कार्यालयातल्या खेपा आणि नोंदी. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं फक्त पहिलं दिसतं. क्षेत्र कार्यकर्त्याकडे साधारण पाच ते दहा गावं असतात. लोक घरी सापडतात ते सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. म्हणून दुपार पंचायत समिती, तहसील, बँक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र इथे जाते. दहा ते सहा एवढंच काम करायचं म्हटलं, तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी भेटतात.

कामाचं कॅलेंडर ऑफिसचं नसतं, शेताचं असतं. पेरणीच्या पंधरवड्यात कुणी बैठकीला बसत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. अशा भागात डिसेंबरमध्ये 'महिला प्रशिक्षण' लावणारा प्रकल्प आराखडा मुंबईत बसून लिहिला आहे, हे लगेच कळतं.

पदांच्या नावांचा गोंधळ होतो. कोण काय करतं?

गावातलीच व्यक्ती मानधनावर काम करते, तो पहिला थर. आशा, आरोग्यदूत, 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातली समुदाय संसाधन व्यक्ती किंवा प्रेरिका, बँकसखी, पशुसखी, माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) सहयोगिनी ही सगळी या थरातली किंवा त्याच्या जवळची पदं. त्यावर क्षेत्र किंवा गट समन्वयक, मग तालुका समन्वयक, मग प्रकल्प व्यवस्थापक. याला समांतर लेखा, माहिती संकलन, देखरेख व मूल्यमापन, प्रशिक्षण आणि दस्तऐवजीकरण.

नवख्यांना समन्वयक हे मोठं पद वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच छोट्या संस्थांत समन्वयक म्हणजे एकटा माणूस आणि एक मोटरसायकल. पदाच्या नावापेक्षा हाताखाली किती जण, गावं किती आणि कुणाला जबाबदार, हे विचारा.

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) लागतेच का?

काम करायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. पण सरकारी कंत्राटी पदांच्या, रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या आणि समुपदेशकाच्या जाहिरातींत ती बऱ्याचदा अट असते. त्यामुळे वरच्या पदांवर जायचं असेल तर कधी ना कधी तिच्यावाचून अडतं. पाणलोटाच्या कामाला कृषी किंवा स्थापत्य पदवीधर, आरोग्याच्या कामाला परिचारिका, हिशेबाला वाणिज्य पदवीधर थेट घेतले जातात. बारावी झालेली, पण दोन तालुके पायाखालून गेलेली व्यक्ती पदवीधरापेक्षा चांगलं काम करते, हेही रोज दिसतं. फक्त तिचा पगार त्या मानाने वाढत नाही. हा या क्षेत्रातला जुना अन्याय आहे.

कॉलेज निवडताना काय बघावं?

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (स्थापना १९३६), तिचं तुळजापूरचं ग्रामीण केंद्र, निर्मला निकेतन (१९५५), पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) ही नावं माहीत असतातच. याशिवाय जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाखाली समाजकार्य महाविद्यालयं आहेत. फरक पडतो तो क्षेत्रकार्यात. आठवड्याला दोन दिवस विद्यार्थी खरंच वस्तीत असतो का, की फाईल 'मागच्या बॅचची' असते? प्राध्यापक वैयक्तिक मार्गदर्शनाचा तास घेतात का? आताच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून त्यांची क्षेत्रकार्याची वही बघायला मागा. इमारत बघण्यापेक्षा ते उपयोगी पडतं.

फेलोशिप कराव्यात का?

दिशा ठरत नसेल तर जरूर. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. त्यात सरकारी यंत्रणा आतून दिसते. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव या तिच्या नेहमीच्या अटी आहेत. विद्यावेतन दर वेळच्या जाहिरातीत बदलतं. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' १३ महिन्यांची, वय २१ ते ३२. गांधी फेलोशिप दोन वर्षांची. गडचिरोलीच्या 'सर्च' या आरोग्य संस्थेचा तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम २००६ पासून चालतो. तो मात्र नोकरी नाही, शिबिरांची मालिका आहे.

फेलोशिप संपल्यावर त्याच गावात पगारी जागा मिळेल, हे गृहीत धरू नका. बहुतेकदा मिळत नाही.

पगार किती मिळतो?

छोट्या आणि मध्यम संस्थांत क्षेत्र कार्यकर्त्याला साधारण १२ ते १८ हजार, नव्या एमएसडब्ल्यू समन्वयकाला २० ते ३० हजार, पाच-सात वर्षांच्या अनुभवावर प्रकल्प व्यवस्थापकाला ४० ते ६० हजार असा अंदाज धरा. मोठ्या फाउंडेशनमध्ये आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत याहून जास्त मिळतं, पण जागा थोड्या.

आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रवासभत्ता. हिशेब करून बघा: रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर २,१०० रुपये नुसत्या पेट्रोलचे. टायर, ऑइल, पंक्चर वेगळं. संस्था 'महिना १,००० रुपये प्रवासभत्ता' म्हणत असेल, तर उरलेले पैसे तुमच्या पगारातून जाणार आहेत.

मानधन, पगार आणि 'सल्लागार' यात फरक काय?

मोठा फरक आहे. तो नियुक्तिपत्र हातात पडण्याआधी समजून घ्या. पगारावर असाल तर भविष्यनिर्वाह निधी (२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू), रजा, उपदान (ग्रॅच्युइटी) यांचा हक्क तयार होतो. काही संस्था पूर्ण वेळ काम घेतात, पण कागदावर 'सल्लागार' म्हणून दाखवतात. मग यातलं काहीच मिळत नाही आणि रकमेतून १० टक्के करकपात होते. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर ती कपात परत मिळते, पण त्यासाठी दर वर्षी आयकर विवरण भरावं लागतं. अनेक कार्यकर्ते ते भरतच नाहीत आणि हक्काचे पाच-दहा हजार सोडून देतात.

आशांना मिळतो तो मोबदला आणि मानधन. त्यांना 'स्वयंसेविका' धरलं जातं. वेतनश्रेणीसाठीची त्यांची आंदोलनं यातूनच आहेत.

नव्या गावात पहिल्या महिन्यात काय करावं?

काहीही सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात), अंगणवाडी सेविका, आशा, मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांना भेटून घ्या. नंतर गाव चालून काढा, दोनदा. एकदा रस्त्याने, एकदा शिवाराने. शिवारफेरीत सोबत गावातली तीन-चार माणसं हवीत आणि त्यांतली निदान एक बाई व एक भूमिहीन. शेतमालकाबरोबर फिरलात तर विहिरी दिसतात, मजुराबरोबर फिरलात तर वाटा दिसतात.

गावनकाशा कागदावर नको, जमिनीवर काढा: चुना, रांगोळी, खडे, पानं. कागद-पेन आलं की शिकलेला एक जण ते हातात घेतो आणि बाकीचे बघ्ये होतात. नकाशा पूर्ण झाल्यावर विचारा, "यात कुणाचं घर राहिलं?" शांतता पसरते आणि मग कुणी तरी हळूच ओढ्यापलीकडची दोन-तीन घरं मांडतं. पुढच्या वर्षभराचं काम बहुधा त्याच घरांशी असतं.

लोक बैठकीला येत नाहीत. काय चुकतं?

बहुतेकदा जागा आणि वेळ. सरपंचांच्या ओट्यावर विरोधी गटाचे लोक येत नाहीत. देवळाच्या सभामंडपात काही जातींची माणसं कडेला उभी राहतात, बायका आतच येत नाहीत. शाळेचा व्हरांडा किंवा अंगणवाडी त्यातल्या त्यात बरी. वाड्या-पाड्यांचं गाव असेल तर मोठी बैठक घेण्याआधी प्रत्येक वाडीत छोटी बैठक घ्या. गावठाणातल्या बैठकीत वाडीचा माणूस तोंड उघडत नाही.

निरोप दोनदा द्यावा लागतो: आदल्या दिवशी आणि तासभर आधी. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा निरोप बायकांपर्यंत पोचत नाही, फोन घरातल्या पुरुषाकडे असतो. पंधरा ते पंचवीस माणसं पुरे. सगळे खाली, गोल. एक खुर्ची जरी मांडली तरी तिच्यावर कुणाला बसवायचं यात दहा मिनिटं जातात आणि जो बसतो तोच अध्यक्ष होतो.

विषय एकच ठेवा, तीन नाही. पाऊण तासात उरका. उठण्याआधी ठरलेलं मोठ्याने वाचा: काय करायचं, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत. 'आपण सर्वांनी मिळून पाठपुरावा करू' असं ठरलं, तर काहीच ठरलेलं नाही. 'सुनीताताई आणि रामभाऊ सोमवारी बँकेत जातील' असं हवं.

हजेरीचा कागद सुरुवातीला फिरवू नका. लोकांना वाटतं योजनेचा फॉर्म आहे. सही करतात आणि निघून जातात. काही जण सहीच्या भीतीने मागे सरकतात. शेवटी फिरवा आणि सही कशासाठी घेतोय ते सांगा.

ग्रामसभेत आपला विषय कसा मंजूर करून घ्यायचा?

इथे कार्यकर्त्याची खरी परीक्षा असते, म्हणून सविस्तर.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा आहेत. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नोटीस सात दिवस आधी निघते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जे कमी असेल ते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. लोकांना नको असलेला विषय मंजूर करून टाकायचा असेल तर हीच पळवाट वापरली जाते. पहिल्या सभेला माणसं आणायची आणि तहकूब सभेला विसरायची, ही नेहमीची चूक.

विषय नोटीस निघण्याआधी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. तोंडी सांगितलेला विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलला जातो आणि तिथवर येईपर्यंत निम्मं गाव उठलेलं असतं.

आता इतिवृत्ताच्या वहीकडे बघा. घोटाळा होतो तो बोलण्यात नाही, या वहीत. सभा संपताना पुढच्या कोऱ्या पानावर सह्या घेतात आणि ठराव नंतर 'सावकाश' लिहितात. मंजूर झालेला हातपंप मग वेगळ्याच आळीत उगवतो. म्हणून ठरावाचा मजकूर सभेतच वाचून घ्या. त्यात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, जागेचं नेमकं वर्णन ('दलित वस्तीत' नको, 'समाजमंदिराच्या पूर्वेस, अमुक घरासमोर') असू द्या. सह्या शेवटच्या ओळीखाली लगेच. पानाचा फोटो काढा. चार-पाच दिवसांत नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि पैसा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा निधी मिळत नाही. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. तुमचा विषय जानेवारीत सुचला तर तो पुढच्या वर्षावर गेला. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च होतो, तेव्हा सभागृहासाठी त्यावर डोळा ठेवण्यात अर्थ नाही.

अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे (१९९६, राज्याचे नियम २०१४) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. तिथे काम करणार असाल तर हे नियम आणि वनहक्क कायदा २००६ पाठ हवेत. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगट विषय महिनोन्‌महिने चघळतो. सहमतीला वेळ लागतो. प्रकल्पाच्या तिमाही अहवालात हा वेळ कुठेच बसत नाही, हे दुखणं दात्यांना सांगत राहावं लागतं.

बचत गटांच्या कामात काय बिघडतं?

गट १० ते २० जणींचा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ असते. बिघडतं ते नोंदींपासून. शिकलेली एकच सचिव सगळं लिहिते, पुढे पासबुकही तिच्याच घरी राहतं. दुसरं, कर्ज फिरून फिरून त्याच तिघींकडे जातं. तिसरं, बँकेचं कर्ज मिळालं की गटाची बैठक बंद पडते, कारण गट तेवढ्यासाठीच काढला होता. चौथं, त्याच बायकांनी बाहेरच्या वित्त कंपन्यांची साप्ताहिक कर्जंही घेतलेली असतात आणि गटाचा हप्ता त्यांच्या वसुलीपुढे मागे पडतो.

उपाय साधा, पण चिकाटीचा: प्रत्येक बैठकीच्या शेवटी प्रत्येकीची शिल्लक मोठ्याने वाचायची. वाचता न येणाऱ्या बाईला स्वतःचा आकडा पक्का लक्षात असतो. चूक तीच पकडते.

शहरी वस्तीतलं काम वेगळं कसं?

ग्रामसभा नाही, हा मुख्य फरक. त्यामुळे प्रभाग कार्यालय, नगरसेवक आणि नोंदणीकृत तक्रार यांवर भिस्त. बैठकीची वेळ पाण्याच्या वेळेवर ठरते. भाडेकरू येत नाहीत, कारण सर्वेक्षणात मालकाचं नाव लागतं आणि त्यांना पुनर्वसनात जागा नसते. त्यांना वेगळं भेटावं लागतं.

शहरात व्यवसायावर आधारित संघटन टिकतं. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे आलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था हे त्याचं चांगलं उदाहरण. आधी ओळखपत्र आणि मग महापालिकेशी करार, या क्रमाने कचरावेचक कामगार म्हणून उभे राहिले.

बालविवाह किंवा अत्याचार कळला तर कार्यकर्त्याने काय करायचं?

बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं पॉक्सो कायद्याने (२०१२) प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'गावात मिटवू' या बैठकीत बसलात तर तुम्हीच अडकता. बालविवाहासाठी ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच प्रतिबंध अधिकारी असतो. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. फोन करण्याआधी संस्थेतल्या वरिष्ठांना कळवा, म्हणजे गावात एकटे पडणार नाही. पण त्यांची परवानगी येईपर्यंत थांबू नका.

महिला कार्यकर्त्यांनी रुजू होतानाच विचारावं: लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का (१० किंवा अधिक कर्मचारी असतील तर सक्तीची आहे), रात्रीच्या बैठकीनंतर परतायची सोय काय, मुक्काम कुठे.

प्रकल्प दर मार्चला का संपतात?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) त्याच चौकटीत खर्च होतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालची ही नफ्याच्या दोन टक्क्यांची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. बहुवर्षीय प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा आहे. म्हणून करार अकरा महिन्यांचे, जाहिराती एप्रिल ते जूनमध्ये.

'प्रशासकीय खर्च पाच टक्केच' असं सांगून संस्था पगार कापत असेल तर ते चूक आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्यात मोडत नाही.

स्वतःची संस्था काढू का?

तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या संस्थेत, त्यातही तिच्या हिशेब विभागाजवळ काढल्याशिवाय नको. सोसायटीला निदान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. मग आयकराची १२-ए (संस्थेला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, मग कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म. परदेशी देणगीच्या नोंदणीला साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

सर्वात जास्त संस्था अडकतात त्या 'चेंज रिपोर्ट'मध्ये. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहतो, वर्षं उलटतात, जुना विश्वस्त वारतो किंवा भांडतो आणि बँक सह्या बदलून देत नाही. काका, मेहुणा, शेजारी यांची सात नावं भरून काढलेल्या संस्थेचं हे ठरलेलं भविष्य.

मुलाखतीत आपण काय विचारावं?

निधी कुणाचा आणि कोणत्या महिन्यापर्यंत आहे. माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि का गेलं. पगार महिन्याच्या किती तारखेला होतो आणि गेल्या वर्षी किती वेळा उशीर झाला. शक्य असेल तर एक दिवस त्यांच्या कार्यकर्त्याबरोबर गावात जायची परवानगी मागा आणि गावातली माणसं त्याला नावाने ओळखतात की संस्थेच्या गाडीने, ते बघा. परवानगी नाकारली तर दुसरी जागा शोधा.